समास

मे महिना, दुपारचे अडीच.
गोळीबार चौकात ऑटो सोडून
डोक्याला दुपट्टा गुंडाळून चालत आली
लेफ्टनंट कमांडर तेजल गजभिये. इंदोऱ्याची पोर.
वर्दी नाही, कागद नाही, फोनही मागेच ठेवलेला.
"हेडाऊ सर" म्हणाली. मी कधीच कुणाचा सर नव्हतो.
चीफ होतो. तेवीस वर्षं कानाला हेडफोन.

कुलरचा पंप बिघडलेला. मगानं पाणी टाकत
आम्ही बोललो. म्हणजे, बोललो नाही.
तिला सांगता येत नव्हतं काय चाललंय,
मला सांगता येत नव्हतं काय चालायचं.
दोघांच्या सह्या एकाच शपथेखाली,
मध्ये तीस वर्षं
आणि संत्रा बर्फीची ताटली.

मग तिनं बर्फीचे तुकडे ओळीत मांडले:
हे ऐकणारे, हे हात ओळखणारे,
हे जुळवणारे, हे वर कळवणारे.
आणि बोटानं सरकवून एकाला एक चिकटवले.
"असं होणार." एवढंच.
मी विचारलं, द्वंद्व की तत्पुरुष?
तिची आई शाळेत मराठी शिकवायची. हसली.
"मध्यमपदलोपी," म्हणाली,
मधला एक तुकडा मला दिला, दुसरा स्वतः खाल्ला.

बाबांचा माग याच खोलीत होता.
धोटा इकडून तिकडे, फणी खट्.
दहा वर्षांचा मी डोळे मिटून सांगायचो
गल्लीत कुणाचा माग चाललाय:
निनाव्यांचा लंगडतो, पराते घाई करतात,
बाबा चौथ्या खटक्याला श्वास घेतात.
नौदलाला कशाला हवा होता
दोन्ही समुद्रांपासून सारखाच लांब वाढलेला कोष्ट्याचा पोरगा?
यासाठी.
पलीकडच्या जहाजावर की दाबणारा माणूस बदलला
तर मला नाव न कळताही कळायचं.

एका रात्री तो बदलला नव्हता. तोच होता,
पण डॅश लांबत होते,
घरी मयत झालेला माणूस घास चावतो तसे.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं:
हात तोच, माणूस ठिकाणावर नाही.
कागद वर गेला. वर जाण्याआधी टाइप झाला.
टाइपिस्ट समास टाइप करत नाहीत.
पुढचं मी सांगणार नाही.
तिनंही विचारलं नाही. ठाऊक असेल,
किंवा ती फाइल
तिच्या जन्माआधीच जळाली असेल.

"आता यंत्र ऐकतं, सर. एका सेकंदात चाळीस..."
आणि ओठ मिटले तिनं.
मी पाणी आणायला उठलो,
तिला सावरायला वेळ मिळावा म्हणून. बादली भरलेलीच होती.

यंत्राशी माझं भांडण नाही.
गल्लीत पॉवरलूम आला तेव्हा बाबांचंही नव्हतं.
उभे राहून तासभर पाहिलं त्यांनी, म्हणाले,
कापड चांगलं विणते बे,
फक्त धागा तुटला त थांबत नाही.

उंबऱ्यात तिनं शेवटी विचारलंच:
यातलं काय ठेवायला हवं?
मले काय विचारून राहिली बाई, मी लोप पावलेलं पद.
मग वाटलं, एवढ्या उन्हात आली आहे.
म्हटलं, तुमच्या नव्या फॉर्मले समास आहे का?
तिनं डोळे मिटले, आतल्या आत कागद उलगडला,
चारही कडा तपासल्या.
"नाही. कडेपर्यंत रकाने."
आणि थोड्या वेळानं, "किती सोडू?"
बोटभर. पेन्सिल मावली पाहिजे.
आणि टाइप करणाऱ्याले सांग, तेही वाचायचं असते.

गेली. उजवा पाय जरा जड टाकते.
परात्यांच्या दारापर्यंत पावलं ऐकू आली,
तिथं थांबली,
मी चार श्वास मोजले,
मग पुढं निघाली, आधीपेक्षा सावकाश.

याचा अर्थ मला माहीत नाही.
कुणाला कळवायचाही नाही आता.
पेपराच्या कडेला लिहून ठेवलं, एवढंच.